निळ्या टॅगचं लिनक्स

"सर, ह्या मान्यतेचा अर्ज कुठं द्यावा लागतो? कलेक्टर ऑफिसात का डायरेक्ट मंत्रालयात?"

प्रश्न आमच्या आण्णांचा. आमच्या दोन घरांमधली भिंत चोरांसाठी बांधली होती, पण आजवर ती फक्त गप्पांच्या कामाला आली. आण्णा पलीकडून कोपर टेकवतात, मी अलीकडून, आणि मागच्या बाजूच्या मावशी तुरीच्या शेंगा सोलत दोघांचंही ऐकतात. ऐकत नसल्याचं दाखवतात, पण मुद्दा आला की त्यांचं सोलणं बरोबर थांबतं.

"कशाची मान्यता, आण्णा?"

"अहो, आमच्या नातवानं ते लिनक्स का काय तयार केलंय ना. चार पोरं मिळून. रात्र रात्र जागायलेत. आता म्हणतो, आजोबा, हे ऑफिशियल करायचं. मी म्हटलं, मग जीआर निघावा लागत असंल."

"जीआर निघाला म्हणजे पोराची नोकरी पक्की का?" मावशींनी विचारलं. सोलणं थांबलेलं होतं.

पोरांचा उद्योग मला ठाऊक होता. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही अलीकडचा लागतो. त्यामुळे क्लासवाल्यांचे, झेरॉक्सवाल्यांचे, लहान शाळांचे कितीतरी धडधाकट संगणक एका तारखेत म्हातारे ठरले. ह्या पोरांनी असे काही संगणक मागून आणले आणि त्यावर उबंटू नावाचं लिनक्स चढवलं. जड डेस्कटॉप काढून हलका एक्सएफसीई बसवला, मेनू मराठी केले, टायपिंगला इनस्क्रिप्ट दिलं, शाळेच्या उपयोगाची चार अ‍ॅप्स घातली. संगणक सुरू होताना पडद्यावर मोसंबीचं चित्र येतं. मोसंबी आली म्हटल्यावर जालनाही आलंच. सगळ्याची एक आयएसओ फाइल बांधली आणि तिचं बारसं केलं: 'उबंटू जालना'.

काम चांगलं आहे, घोटाळा बारशात झालाय.

"आण्णा, ह्यात मंत्रालय कुठंच येत नाही," मी म्हटलं. "उबंटूच्या आतला बहुतेक कोड जीपीएलसारख्या मोकळ्या परवान्यांखाली आहे. घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण 'उबंटू' हे नाव मोकळं नाही. ते कॅनॉनिकल कंपनीच्या मालकीचं आहे. मार्क शटलवर्थ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माणसानं २००४ साली ती काढली, त्याच वर्षी ऑक्टोबरात उबंटूची पहिली आवृत्ती आली. त्यांचं म्हणणं, माल खुशाल न्या, पण नाव लावायचं तर आमच्या अटी पाळा."

आण्णा एका बियाणे कंपनीच्या फील्डवर हयात घालवून निवृत्त झालेले. बीजोत्पादनाचे प्लॉट बघत बघत त्यांनी अंबड, घनसावंगी, परतूर पायाखाली घातलंय. त्यांनी एकच क्षण विचार केला.

"मग ट्रुथफुल म्हणून काढावं की. प्रमाणितच पाहिजे हा हट्ट कशाला?"

इथून पुढं समजावण्याचं निम्मं काम माझ्याकडे राहिलंच नाही.

जालन्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाच्या पिशवीवर लेबल सक्तीचं आहे, प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक. कंपनीनं आपल्या जबाबदारीवर, आत काय आहे ते खरं खरं लिहून पिशवी बाजारात आणली, की ती 'ट्रुथफुल'. तिचं लेबल फिकट हिरवं. प्रमाणित पिशवीमागं मात्र अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेची माणसं असतात. ती शेतावर येतात, बियाणं कुठून आणलं त्याची पावती बघतात, शेजारच्या पिकापासूनचं अंतर मोजतात, भेसळ झाडं उपटायला लावतात. मग नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथं पास झाला तरच पिशवीच्या तोंडाला निळा टॅग शिवला जातो. त्या बोटभर टॅगवर पीक, वाण, लॉट नंबर, मुदत, अशी कुंडली असते. (पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, पैदासकाराचा सोनेरी पिवळा. हे जालन्यात शाळकरी पोरंही सांगतात.)

ट्रुथफुल म्हणजे बोगस असं मात्र समजू नका. खासगी कंपन्यांचे बहुतेक संकरित वाण ट्रुथफुल लेबलवरच विकले जातात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको ही बियाणे कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सळयांचे कारखाने बाजूला ठेवले तर ह्या गावाची ओळख आजही बियाण्यावरच आहे. तेव्हा हिरव्या लेबलला नाक मुरडणारा माणूस जालन्यात तरी सापडायचा नाही.

उबंटूच्या दुनियेत ट्रुथफुलला 'रिमिक्स' म्हणतात. निळा टॅग लागला की त्याचं होतं 'फ्लेवर'.

"मग असा टॅग आपल्यातल्या कुणाला लागलाय का आजवर?" मावशींनी विचारलं. मावशींना कुठल्याही विषयात आधी 'आपल्यातला' माणूस लागतो, मग विषय.

"लागलाय. आणि तोही एका पोरालाच."

ही गोष्ट मला मनापासून आवडते, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. २०११ च्या एप्रिलपासून उबंटूचा मुख्य डेस्कटॉप होता युनिटी. डाव्या हाताला उभी पट्टी, वरती मेनू. आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. मग सवय झाली. सवय जरा मुरते न मुरते तोच, ५ एप्रिल २०१७ ला शटलवर्थनं जाहीर करून टाकलं, युनिटी बंद, आपण ग्नोम ह्या जुन्या डेस्कटॉपकडे परत चाललो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या १७.१० पासून तसं झालंही. ज्यांनी आधी शिव्या घातल्या होत्या तेच आता हळहळायला लागले, हा माणसाचा स्वभावच आहे. नुसतं हळहळून न थांबता पुढं सरसावला तो रुद्र सारस्वत नावाचा भारतातला मुलगा. २०२० च्या मे महिन्यात, सगळा देश टाळेबंदीत घरात बसलेला असताना, त्यानं टाकून दिलेल्या युनिटीला नव्या उबंटूवर बसवलं आणि 'उबंटू युनिटी रिमिक्स' म्हणून जगापुढं ठेवलं. तेव्हा त्याचं वय होतं दहा.

"दहा?" मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आमच्या बाळ्याला दहाव्या वर्षी बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

"मावशी, त्याला अजून कुठं येती?" आण्णा म्हणाले.

बाळ्याचं प्रकरण थोडा वेळ चाललं. ते इथं देत नाही.

"तर मुद्दा असा," मी गाडी रुळावर आणली, "की ह्या मुलानं अर्ज आधी आणि काम मागून, असं केलं नाही. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ तो आवृत्तीमागून आवृत्ती काढत राहिला. मग २०२२ च्या ऑक्टोबरात २२.१० सोबत उबंटू युनिटी अधिकृत फ्लेवर झालं. टॅग लागला तेव्हा पोरगं बारा वर्षांचं होतं."

"दिला कुणी टॅग?"

"टेक्निकल बोर्ड म्हणून आहे. उबंटूच्या जाणत्या डेव्हलपरांची छोटीशी पंचमंडळी."

"मग ते प्लॉट बघायला येतात?"

आण्णांचे प्रश्न हे असे येतात. आणि उत्तर असतं, हो, येतात, आपल्या पद्धतीनं येतात. पहिली गोष्ट ते बघतात ती म्हणजे बियाण्याचं मूळ. फ्लेवरमध्ये जे जे पॅकेज घालायचं ते उबंटूच्या अधिकृत भांडारात असलं पाहिजे. आपल्या पोरांनी घरी बनवून ठेवलेली दोन-तीन पॅकेजं आत कोंबली तर ते रिमिक्सला चालून जाईल, फ्लेवरला नाही. आधी ती भांडारात न्यायची, तिथल्या लोकांनी तपासायची, परवाना नीट लिहिलाय का, जुन्या पॅकेजशी भांडण होत नाही ना, हे सगळं झाल्यावर मग पुढची बात.

"बरोबर आहे," आण्णा म्हणाले. "वाण अधिसूचित असल्याशिवाय प्रमाणीकरणाला घेतच नाहीत. आमच्याकडं पण तसंच."

मग मी त्यांना एक गंमत सांगितली. फ्लेवरमध्ये कोणती पॅकेजं जाणार याची जी मूळ यादी असते तिला उबंटूवाले 'सीड' म्हणतात. आणि त्या यादीतून, ह्याला ते लागतं, त्याला हे लागतं, असं करत पूर्ण पसारा काढून देणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव 'जर्मिनेट'. आण्णा इतके खूश झाले की त्यांनी घरात वळून "अगं ऐकलं का" अशी हाक मारली. आतून उत्तर आलं नाही, कारण आतमध्ये मालिका चालू होती.

दुसरी गोष्ट, आयएसओ पोराच्या लॅपटॉपवर बांधून चालत नाही. ती उबंटूच्या यंत्रणेवर, त्यांच्याच सर्व्हरवर, सीडच्या यादीवरून रोज आपोआप बांधली जाते. म्हणजे आत काय गेलं याबद्दल कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच येत नाही. तिसरी गोष्ट अवघड. टीममध्ये भांडारात पॅकेज चढवण्याचा हक्क असलेलं माणूस पाहिजे. हा हक्क मागून मिळत नाही. आधी दुसऱ्या जाणकाराच्या हातून आपली कामं चढवून घ्यायची, चुका सुधारायच्या, चार लोकांनी "हा भरवशाचा आहे" असं लेखी म्हणायचं, मग तो मिळतो. आमच्याकडची पोरं नेमकी इथं अडतात. आयएसओ बांधायला एक शनिवार-रविवार पुरतो. दुसऱ्याच्या पॅकेजमधली बारीक चूक दुरुस्त करून महिनाभर तिचा पाठपुरावा करायला वेगळं माणूस लागतं. त्यात टाळ्या नाहीत.

चौथी गोष्ट चाचणीची. ती आम्हाला त्याच संध्याकाळी बघायला मिळाली, कारण आजोबांचा आवाज ऐकून नातू बाहेर आला. हातात लॅपटॉप होता. त्यानं तो भिंतीवरच ठेवला.

"सर, बघाच. पूर्ण मराठी."

मोसंबी आली. मग स्वागताचा पडदा आला, सुरेख देवनागरीत. नातवानं नाव निवडलं, पासवर्ड टाकला. पासवर्डच्या चौकोनात काळे ठिपके उमटले, चौकोन थरथरला, पासवर्ड चुकला म्हणाला. त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा प्रत्येक की मोजून दाबली, तरीही तेच.

"कॅप्स लॉक बघ," आण्णा म्हणाले. त्यांना एवढं एकच माहीत आहे आणि दहातल्या आठ वेळा ते बरोबर असतं.

कॅप्स लॉक बंद होता. मी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं बारीक अक्षरांत 'मरा' लिहिलेलं. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली, त्यामुळे कीबोर्डही पहिल्या क्रमांकावर मराठी इनस्क्रिप्ट बसला. पोरगं इंग्रजी पासवर्ड दाबत होतं आणि ठिपक्यांच्या आड जात होत्या मात्रा आणि जोडाक्षरं. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. ह्याच्या रोजच्या मशीनवर हे कधी घडलं नाही, कारण त्यानं स्वतःचं इन्स्टॉल इंग्रजीतून केलं होतं आणि मराठी नंतर जोडली होती. खेड्यातल्या शाळेतले गुरुजी मात्र सरळ मराठी निवडणार आणि पहिल्याच दिवशी दाराबाहेर अडकणार. उपाय सोपा आहे. इंग्रजी पहिली, मराठी दुसरी, आणि बदलायची की पडद्यावर लिहिलेली. पण उपाय सुचण्याआधी चूक दिसावी लागते, आणि ती दिसण्यासाठी कुणीतरी कोरं मशीन घेऊन, अडाण्यासारखं, पहिल्या पायरीपासून सगळं करून बघावं लागतं.

फ्लेवरवाल्यांना हे दर आवृत्तीला करावं लागतं. चाचण्यांची यादी ठरलेली असते. सगळी डिस्क पुसून इन्स्टॉल करून बघा. विंडोजच्या शेजारी करून बघा. इंटरनेट तोडून करून बघा. पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. प्रत्येकाचा निकाल नोंदवा. आणि रिलीजच्या आठवड्यात कुठं मोठी चूक सापडून आयएसओ नव्यानं बांधली गेली, की आधीच्या निकालांवर पाणी. पुन्हा पहिल्यापासून.

"रोगिंगसारखंच," आण्णा नातवाला म्हणाले. "एकदा प्लॉट फिरून भेसळ झाडं काढली, आठ दिवसांनी परत फिरायचं. परत निघतातच. कंटाळला त्याचा प्लॉट नापास."

नातवाचा चेहरा पडला होता. मावशींनी त्याला मूठभर सोललेल्या तुरी दिल्या.

"आणि मुदत किती असती ह्या टॅगची?" आण्णांनी विचारलं.

"दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती. साध्या आवृत्तीला नऊ महिने आधार द्यावा लागतो."

"नऊ महिने?" आण्णा हसायलाच लागले. "अहो सर, प्रमाणित बियाण्याची मुदत नऊच महिने! चाचणीच्या तारखेपासून. पुढं वाढवायची तर परत नमुना, परत चाचणी, मग सहा महिने."

हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण उबंटूतही लांब पल्ल्याचा आधार वेगळा मागावा लागतो हे खरं. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये जी एलटीएस आवृत्ती निघते, तिला मूळ उबंटू पाच वर्षं सांभाळतं, फ्लेवरवाले साधारण तीन. आणि फ्लेवर आहात म्हणून एलटीएस आपोआप मिळत नाही. दर खेपेला बोर्डाला सांगावं लागतं की आमच्याकडे माणसं आहेत, आम्ही तीन वर्षं टिकू.

मान्यता घेतली की घराचे नियमही येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत ठरलं की २३.०४ पासून कुठल्याही फ्लेवरनं फ्लॅटपॅक ही अ‍ॅप बसवण्याची पद्धत आधीपासून घालून द्यायची नाही. कॅनॉनिकलची स्वतःची स्नॅप नावाची पद्धत आहे, तिला धक्का नको. ज्याला फ्लॅटपॅक हवंय त्यानं नंतर स्वतः बसवावं. काही फ्लेवरमध्ये ते आधीपासून होतं, त्यांनी मुकाट्यानं काढलं. ह्या निर्णयावर लोक बरेच चिडले. मला विचाराल तर चिडण्यात फारसा अर्थ नव्हता. दुसऱ्याचं नाव लावायचं तर त्याची मर्जी सांभाळावी लागणार. नसेल सांभाळायची तर लिनक्स मिंटसारखं करावं. क्लेमां लफेव्र ह्यानं २००६ साली मिंट सुरू केलं, पाया उबंटूचाच घेतला, नाव मात्र स्वतःचं ठेवलं. त्यांना कुणाचा टॅग नको, आणि पटलं नाही तर ते स्नॅपलाही सरळ दाराबाहेर ठेवतात. लोक त्यांना उबंटूचं फ्लेवर नसल्याबद्दल काही कमी लेखत नाहीत.

"मग आजवर टॅग कुणाकुणाला मिळाला?" नातवानं विचारलं. त्याचा जीव अजून टॅगमध्येच.

कुबंटू सगळ्यांत जुनं, २००५ चं. झुबंटू २००६ चं. लुबंटूला २०११ पर्यंत वाट बघावी लागली. 'उबंटू माते'ला २०१५ साली मिळाला. सिनॅमन २०१९ पासून रिमिक्स म्हणून राबलं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये फ्लेवर झालं. त्याच वेळी शाळांसाठीचं एज्युबंटू, जे मधल्या काळात बंद पडलं होतं, ते परत आलं. एरिक आणि एमी आइकमायर ह्या नवरा-बायकोनं मिळून ते पुन्हा उभं केलं.

"नवरा-बायकोनं मिळून?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं दोघं मिळून टीव्हीचा चॅनेल ठरवू शकत नाहीत."

तेवढ्यात आण्णांनी नेमका प्रश्न विचारला. "त्या दहा वर्षांच्या पोराचं पुढं काय झालं?"

पोरगं मोठं झालं. अभ्यास वाढला, परीक्षा आल्या, वेळ उरेना. बाकीचे हात कमी पडले. चाचण्यांत मोठ्या चुका राहिल्या, टीममधून मदतीची हाक गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात २५.१० निघालं तेव्हा त्यात युनिटीची आवृत्ती नव्हती. ह्यात त्या मुलाला दोष देणारा माणूस माझ्या भिंतीवर कोपर टेकवू शकणार नाही. उलट त्यानं एकट्याच्या जोरावर जे केलं ते भल्याभल्यांना जमत नाही. पण बोर्ड माणसं का मोजतं, ते ह्यातून कळतं. सॉफ्टवेअर चांगलं होतं. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा उभं करायला पुरेसे लोक नव्हते.

"शाळेत वापरलंय का कुणी पण हे लिनक्स? आपल्या महाराष्ट्रात?" मावशींनी विचारलं. त्यांची सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, म्हणून प्रश्न कामाचा.

वापरलंय. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एका छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. हा देशातला त्या योजनेचा सुरुवातीचा प्रयोग. आत फेडोरा लिनक्सच्या पायावर बसवलेला शुगर नावाचा पोरांसाठीचा डेस्कटॉप होता. पुढं तो लॅपटॉप नसलेल्यांनाही शुगर वापरता यावं म्हणून जगभरच्या स्वयंसेवकांनी ते पेन ड्राइव्हवर आणलं, 'शुगर ऑन अ स्टिक'. २००९ साली ते पहिल्यांदा आलं आणि २०१० साली फेडोरा १३ सोबत फेडोराचं अधिकृत 'स्पिन' झालं. फेडोराकडेही तसेच दोन दर्जे आहेत. बाहेरच्यांसाठी 'फेडोरा रिमिक्स' हे वेगळं चिन्ह, आतल्यांसाठी स्पिन. केडीई डेस्कटॉपला तर कित्येक वर्षं स्पिन म्हणून काढावी लागली, तेव्हा कुठं २०२५ च्या एप्रिलमध्ये फेडोरा ४२ पासून त्याला मुख्य वर्कस्टेशन आवृत्तीच्या बरोबरीनं 'एडिशन'चा मान मिळाला.

आपल्या मराठीचं ह्या सगळ्यातलं काम पुण्यात झालं, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या लोकांनी फेडोरातली भारतीय भाषांची बाजू वर्षानुवर्षं सांभाळली. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या पुष्कळांनी ज्या लोहित देवनागरी फॉन्टमध्ये वाचलं, तो ह्याच कामातला. त्या लोकांनी 'मराठी लिनक्स' असं पाटी लावून काही काढलं नाही. जे होतं त्याच्यात मराठी नीट घातली, आणि ती फेडोरात गेली, डेबियन नावाच्या लिनक्समध्ये गेली, उबंटूत गेली.

"आणि सरकारचं स्वतःचं नाही का काही?" आण्णांचा जीआर अजून सुटला नव्हता.

आहे की. सी-डॅकनं २००७ साली डेबियनच्या पायावर 'बॉस' काढलं, त्यात मराठीसकट भारतीय भाषा आहेत. २०२३ साली संरक्षण मंत्रालयानं उबंटूवर बेतलेलं 'माया' आणल्याची बातमी आली. ह्यांच्यामागं थेट सरकार उभं आहे, म्हणजे आण्णांच्या हिशोबात सगळ्यांत मोठी मान्यता. पण मी जालन्यात कुणाच्या घरच्या संगणकावर बॉस पाहिलेलं नाही. वरून आलेल्या शिक्क्याला शेजारच्या मशीनवर जाऊन बसायची घाई नसते.

नातू गप्प बसून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मग सर, आम्ही हे सोडून द्यायचं का?"

अजिबात नाही. मी त्याला जे सांगितलं ते इथंही लिहितो, कारण गावोगावी अशी पोरं आहेत. 'उबंटू जालना' हे नाव आजच उतरवा. ट्रेडमार्कच्या अटी वाचा, त्यात बसलात तर रिमिक्स म्हणा, नाहीतर सरळ वेगळं नाव ठेवा, मोसंबी लिनक्स म्हणा, कुणी अडवणार नाही. गावातल्या शाळांना द्या. पासवर्डचा घोळ दुरुस्त करा. तुमची ती घरगुती पॅकेजं नीट बांधून वरती, डेबियन नाहीतर उबंटूच्या भांडारात, पाठवायला लागा. चौघांपैकी दोघांना तरी दोन वर्षांनी ह्यात रस उरला असेल, तर टॅगचं बोलू.

आण्णांनी एका वाक्यात निकाल दिला. "आधी तीन हंगाम ट्रुथफुल विक. गिऱ्हाईक परत आलं तर प्रमाणीकरणाचा फॉर्म भरू."

मला ह्यात एकच शब्द बदलावासा वाटतो. हंगाम तीन नको, चार धरावेत, म्हणजे दोन वर्षं.

वाचकांसाठीही एक काम आहे, त्याला ना प्रोग्रॅमिंग लागतं ना बोर्डाची परवानगी. दर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी उबंटूची आणि प्रत्येक फ्लेवरची बीटा प्रत निघते. विंडोज ११ न पेलणारा जुना संगणक घरात पडला असेल तर त्यातलं कामाचं सगळं आधी काढून ठेवा, भाषा मराठी निवडून ती बीटा त्याच्यावर बसवा, आणि जिथं अडकाल ते, न समजलेल्या मराठी शब्दासकट, त्यांच्या लाँचपॅड ह्या संकेतस्थळावर नोंदवा. खातं फुकट उघडता येतं.